शाळेचा उतारा कसा काढायचा?

(यवतमाळ जिल्ह्यातील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले, कर्जावर झाले. माझ्या वाट्याला शाळेचा विषय आला आहे. 'शाळा' म्हटल्याबरोबर मागचे चार जण चहाला उठले, ते मी पाहिले. बसा भाऊ, चहा कुठे पळून जात नाही. हा विषयसुद्धा उत्पन्नाचाच आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेतकी शिकलो, काही वर्षे प्रयोगाचे प्लॉट सांभाळले, मग नोकरी सोडून तुमच्यात आलो. त्या नोकरीत मी एकच गोष्ट नीट शिकलो, ती म्हणजे दोन प्लॉटची तुलना कशी करायची. ती आज शाळेला लावून दाखवणार आहे.

हे बोलायची पाळी का आली ते आधी सांगतो. मागे आमच्या भागातल्या एका गावात साहेब आले. म्हणाले, "तुमच्या शाळेची पटसंख्या वीसच्या आत आहे, गुणवत्ताही कमी आहे. ही मुले मोठ्या गावच्या शाळेत घालू, गाडीची सोय करू." गाव गप्प. तेवढ्यात एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "साहेब, गुणवत्ता कमी आहे म्हणता. ती आधी किती होती आणि आता किती झाली?" साहेबांना सांगता आले नाही. गुरुजींना सांगता आले नाही. आणि खरे सांगायचे तर गावातल्या एकालाही सांगता आले नाही. बाबांचा तो प्रश्न घेऊनच मी आज उभा आहे.

हा प्रश्न एका गावाचा नाही. २०१७ च्या डिसेंबरात राज्यातल्या १,३०० हून जास्त कमी पटाच्या शाळा बंद करून मुले दुसरीकडे पाठवायचे ठरले होते. पुढे वीस किंवा त्याहून कमी मुले असलेल्या शाळांची मोजणी झाली. त्या निघाल्या सुमारे १४,८००, आणि त्यांत मुले सुमारे १ लाख ८५ हजार. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी 'समूह शाळा' ही योजना पुढे आली. वस्ती, पोड, तांडा, लहान गाव, यांच्याच या शाळा आहेत. म्हणजे आपल्याच.

सरासरीचा पाऊस

आपल्याला सरासरीचा अनुभव आहे. हवामान खाते सांगते, यंदा सरासरीइतका पाऊस पडला. पडला खरा! पण अर्धा चार दिवसांत पडला, मध्ये तीन आठवड्यांचा खंड गेला, पऱ्हाटी सुकली आणि ज्वारी निसवलीच नाही. कागदावर सरासरी पूर्ण, खळ्यात काही नाही. जिल्ह्याच्या शाळांची सरासरी अशीच असते.

आपला जिल्हा पाहा. तालुके सोळा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार, त्यातले पाचातले जवळजवळ चार खेड्यात. शंभरात अठराहून जास्त लोक आदिवासी. इकडे यवतमाळ शहरातल्या नोकरदाराचे पोर, तिकडे झरी-जामणीच्या पोडावरचे कोलामाचे पोर. दोघांचे गुण एकत्र करून भागायचे आणि म्हणायचे की ही जिल्ह्याची गुणवत्ता! असा आकडा कोणाच्याच कामाचा नाही.

देशाचाही आकडा सांगतो. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. तिचे लोक खेड्यात घरोघर जातात आणि पोराच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. पोर कुठवर वाचते एवढेच पाहायचे. २०२४ मध्ये देशभरच्या खेड्यांतील सरकारी शाळांत पाचवीतल्या शंभरातल्या सुमारे ४५ मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. ४५! म्हणजे निम्म्याहून जास्त पोरे पाचवीत बसली आहेत आणि दुसरीचे वाचता येत नाही. २०२२ मध्ये तर हा आकडा ३८ च्या घरात होता, कारण मधे कोरोना येऊन गेला. आपल्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग २०२० च्या मार्चमध्ये बंद झाले, ते खेड्यात उघडले २०२१ च्या डिसेंबरात. दोन पेरण्या हुकल्या म्हणा ना.

खासगी शाळांचा २०२४ चा आकडा आहे सुमारे ५९. झाले! इथेच सगळे सांगतात, "बघा, खासगी ५९, सरकारी ४५. सरकारी शाळा वाया गेली." माझा आक्षेप इथून सुरू होतो.

शाळेत बसले आहे कोण?

एका शेतकऱ्याची भारी काळी जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. त्याला एकरी बारा क्विंटल कापूस झाला. दुसऱ्याचे बरड आहे, वरच्या पाण्यावरचे. त्याला आधी दोन क्विंटल होत होते, यंदा चार झाले. चांगला शेतकरी कोण? बारावाला म्हणणारा माणूस शेतात गेलेला नाही. प्रयोगात आम्ही एक वाण काळ्या जमिनीत आणि दुसरा बरडात पेरून 'पहिला वाण चांगला' असे लिहिले असते, तर आमच्या प्राध्यापकांनी वही फेकून दिली असती.

मग शाळेची वही तशीच कशी लिहितात? ज्याच्याकडे फी भरायची ऐपत आहे, ज्याची आई शिकलेली आहे, घरी वर्तमानपत्र येते, संध्याकाळी शिकवणी आहे, ते पोर गाडीत बसून तालुक्याला गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिले कोण? सालदाराचे पोर, दोन-तीन एकरवाल्याचे पोर, पोडावरचे, तांड्यावरचे. आणि घरात पैसा कमी म्हणून दोघांतला मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी गावच्या शाळेत, असेही घर या मांडवात असेल. नाव घेत नाही, ज्याचे त्याला माहीत.

भाषेचेही पाहा. कोलामांची बोली मराठीची बहीण नव्हे. ती तेलुगू, गोंडीच्या कुळातली. बंजारा घरात गोरमाटी बोलतात. आपल्या पोराला पहिलीत फक्त अक्षर शिकायचे असते. त्या पोराला आधी भाषा शिकायची आणि मग अक्षर. दोघांना एकच पुस्तक, एकच वर्ष, एकच परीक्षा. शिक्षण हक्काच्या कायद्यात लिहिले आहे की शक्य तेवढे शिकवणे मातृभाषेतून व्हावे. पोडावर ते कितपत होते, तुम्ही पाहताच आहात.

म्हणून माझे म्हणणे असे की शाळा मोजायची ती तिच्यात पोर कुठून आले आणि कुठवर गेले यावर. समजा, आपल्या शाळेत पाचवीत दहा पोरे आहेत. जुलैत दोघांना वाचता येत होते, एप्रिलात सहा जणांना आले. तालुक्याच्या शाळेत दहातली आठ आधीच वाचत होती, शेवटी नऊ झाली. पाटीवर नऊ मोठे दिसतात आणि सहा लहान. पण कष्ट कोणाचे जास्त? एका गुरुजीने चार पोरे वर काढली, दुसऱ्याने एक. आणि बंद कोणती शाळा होणार? चारवाली!

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग

कोणी म्हणेल, हे शेतीचे दाखले ठीक आहेत, पण खासगी शाळेत पोर खरेच जास्त शिकत नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. प्रयोगशेतात आम्ही कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवतो, म्हणजे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला येत नाही. शाळांचा अगदी असा प्रयोग आपल्या शेजारीच, एकत्र आंध्र प्रदेशात झाला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत तो केला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या आईबापांना पोर खासगी शाळेत घालायचे होते, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली त्याची फी भरली. नाही निघाली तो होता तिथेच राहिला. दोघांचे घर सारखे, आईबापाची हौस सारखी. फरक फक्त चिठ्ठीचा.

चार वर्षांनी तपासले. तेलुगू आणि गणितात दोघांत फरक नाही! हिंदी मात्र खासगी शाळेतल्यांना जास्त येत होती, कारण तिथे ती शिकवत होते. म्हणजे एरवी दोन्हीकडच्या मुलांच्या गुणांत जे अंतर दिसते, ते बरेचसे घरच्या खतपाण्याचे असते आणि नावावर लागते शाळेच्या.

पण गुरुजींनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही निघाली. खासगी शाळेत दर पोरामागे होणारा खर्च सरकारी शाळेच्या सुमारे एक तृतीयांश होता. आणि तेलुगू-गणिताला तिथे वेळही कमी दिला जात होता. म्हणजे तिप्पट खर्चात उतारा तेवढाच. आपण शेतकरी आहोत, खर्च आणि उतारा एकाच कागदावर लिहितो. सरकारी शाळा वाया गेली म्हणणारा चूक आहे आणि सरकारी शाळेत सगळे ठीक आहे म्हणणाराही चूक आहे.

माझ्या घरची गोष्ट

तुम्ही विचाराल, भाऊ, तुमची पोरे कुठे शिकतात? विचारायच्या आधी सांगतो. माझी मुलगी गावच्या शाळेत दुसरीपर्यंत होती. तिसरीत मी तिला काढले आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले. सगळ्यांनी घातली, मीही घातली. सकाळी गाडी येते, गळ्यात टाय असतो. बरे वाटते.

ती पाचवीत गेली तेव्हा मी घरी तो 'असर'सारखा कागद तिच्यापुढे ठेवला. शेजारच्या सालदाराची मुलगीही बसली होती, गावच्याच शाळेतली, पाचवीतलीच. दोघींनी उतारा वाचला आणि दोघी गोष्टीत अडकल्या. एकाच ओळीवर नाही, पण एकाच पायरीवर. माझ्या मुलीची आई बी. ए. झालेली आहे, रोज रात्री घेऊन बसते. त्या मुलीच्या आईला सही येत नाही. मग पुढे कोण होते? मला त्या रात्री झोप आली नाही. गावच्या शाळेतून माझे एक पोर काढून मी पट एकाने कमी केला, आणि मीच आता 'पट का घटला' म्हणून भाषण करतो आहे. हे माझे पाप मी माझ्या तोंडाने सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळा.

वेचणी आणि हजेरी

पुढचे म्हणजे वेचणी. शाळा आपल्या विदर्भात उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडते. पोळा होतो, दसरा होतो, शेतात सीतादही होते आणि वेचणी लागते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापूस फुटत राहतो. वर्षाचा खरा अभ्यास होतो तो याच महिन्यांत, आणि वेचायला हात लागतात तेही याच महिन्यांत.

वेचणीची मजुरी किलोवर असते. किलोवर असली म्हणजे आईबरोबर लेकीचे दोन हातही पैसे होतात. आई काही वाईट नाही, हिशेब तसा आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंदी आहे. फक्त घरच्या शेतात, शाळा सुटल्यावर मदत चालते. पण कायदा वावरात येत नाही, मुकादम येतो.

पाचवीतली एक मुलगी मी पाहिली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज शेतात. हजेरीपटावर ती होती की नव्हती, याची चौकशी मी केली नाही. शेतात ती रोज होती, आणि ते शेत माझ्या चुलतभावाचे होते. मी बांधावर उभा राहून त्याच्याशी बोंडअळीवर बोललो आणि घरी आलो. मुलीबद्दल एक शब्द बोललो नाही.

भाऊ, मार्चमध्ये ती मुलगी 'कच्ची' ठरते. शाळेची गुणवत्ता घसरते. मग साहेब येतात. पहिला चुकार कोण? गुरुजी? साहेब? का आपण?

आपण काय करायचे

भाषण झाले, आता काम. चार गोष्टी सांगतो. एकालाही शासनाची मंजुरी लागत नाही.

पहिली गोष्ट, मोजा. जुलैत आणि एप्रिलात गावातल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक पोराला घरच्या ओट्यावर बसवून कागद द्या. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. गणितात आकडे ओळखणे, हातच्याची वजाबाकी, साधा भागाकार. गावच्या शाळेतली आणि गाडीने जाणारी, दोन्ही मोजा. पोर कोणत्या पायरीवर आहे ते लिहा. बाजूला लिहा घरची बोली कोणती, आई शिकली का, वेचणीत किती दिवस शाळा बुडाली. गावातली बारावी झालेली दोन पोरे-पोरी हे काम एका आठवड्यात करतील. पोरांना धाक वाटू देऊ नका, नापास-पास म्हणू नका. आपण जमिनीचा नमुना काढतो, तसे हे आहे.

दुसरी गोष्ट, यत्ता विसरून पायरीप्रमाणे शिकवा. मुंबई आणि बडोद्याच्या सरकारी शाळांत २००१ पासून असा प्रयोग झाला. 'बालसखी' म्हणून वस्तीतलीच तरुण मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन-गणित शिकवायची. मुले खरोखर पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले. शिकवणे थांबल्यावर वर्षभरात बराच फायदा ओसरला, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. एक पाणी देऊन पीक येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. द्विशिक्षकी शाळेत चार-पाच यत्ता एकत्रच बसतात. तिथे पायरीप्रमाणे गट करणे उलट सोपे आहे.

तिसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती जागी करा. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू आहे. त्यात समितीवर चारातले तीन जण पालक हवेत आणि निम्म्या बाया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम आहे. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. जनगणना, आपत्तीचे काम आणि निवडणूक सोडून गुरुजीला दुसऱ्या बिनशाळेच्या कामाला जुंपता येत नाही. हे सगळे कायद्यात आहे. आपल्या गावच्या समितीवर कोण आहे हे ज्याला माहीत असेल त्याने हात वर करावा. ... पाहा, किती हात आहेत ते.

चौथी गोष्ट सगळ्यात कठीण, कारण ती आपल्या खिशातून जाते. यंदा सीतादहीच्या आधी गावात बसून ठरवा की शाळेच्या वेळात चौदाच्या आतले पोर आपल्या कापसात दिसणार नाही. वेचणी महाग होईल? होईल थोडी. आईला दोन हातांचे नुकसान होईल, त्याचा विचार दरात करावा लागेल. भाव पडलेला असताना हे बोलणे मला जड जाते. पण एक शेतकरी एकटा हे करू शकत नाही, सगळ्या गावाने केले तरच होते. म्हणून तर मेळावा असतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांचा मुद्दा असा होता की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो. तेव्हा शेतकऱ्याच्या पोरांचे प्राथमिक शिक्षण आधी आणि ते सक्तीचे करा. त्यानंतर आपल्या वाट्याला गावोगाव शाळा यायला पाऊणशे-शंभर वर्षे गेली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि त्या शाळा त्यांच्या हाती आल्या. ती शाळा आता कागदावरच्या एका सरासरीने जाणार असेल, तर निदान आपला कागद आपल्या हातात असू द्या.

साहेब परत येतील. ते म्हणतील, गुणवत्ता कमी आहे. त्या वेळी त्या म्हातारे बाबांनी उठायची गरज पडू नये. समितीवरच्या एखाद्या बाईने वही उघडावी आणि सांगावे, "साहेब, जुलैत इतकी पोरे वाचत होती, एप्रिलात इतकी वाचतात. ही त्यांची नावे. आता तुमचा आकडा दाखवा."

आणि वही उघडल्यावर आपलीच शाळा खरोखर नापिक निघाली, वर्षभरात एकही पोर पायरी चढलेले नसले, तर तेही त्याच वहीत असेल. मग गुरुजींना विचारायचे, समितीला विचारायचे, आणि आपल्याला स्वतःलाही. लपवायचे नाही. शेताचा उतारा लपवून कोणाचे पोट भरले आहे?

एवढे बोलून मी थांबतो. चहा झाला असेल. जाताना व्यासपीठाजवळून वाचनाचा कागद घेऊन जा, आणि आज रात्री आधी आपल्याच पोरासमोर ठेवा. मी ठेवला होता.